हाती द्यायचं पाकीट

१२ फेब्रुवारी

प्रिय छोट्या,

या नावानं तुला हाक मारायचा हक्क फक्त तुझ्या बहिणीचा होता, हे मला माहीत आहे. 'प्रिय उंट' असं लिहून पाहिलं, पण कागदावर ते बरं दिसेना. आपल्या पाणीपुरवठा खात्यात तुझ्या उंचीवरून तसं तोंडानं म्हणायला ठीक होतं. तेव्हा हेच चालवून घे.

तिला नेलं त्या दिवशी तू आला होतास ते मी पाहिलं. फाटकापाशी सगळ्यांच्या डोक्यांवरून तुझं डोकं दिसत होतं. केस पांढरे झालेत. मी हात वर करणार होतो, तेवढ्यात शेजारच्या मास्तरीणबाईंनी काहीतरी विचारलं आणि मी वळून पाहीपर्यंत तू गेला होतास. एकवीस वर्षांनी आलास आणि पाणीही न घेता गेलास, याची चुटपुट लागून राहिली.

तिचा आजार आठ महिन्यांचा. शेवटचे तीन आठवडे दवाखान्यात काढले. शेवटी त्रास झाला नाही, असं डॉक्टर म्हणाले आणि मलाही तसंच वाटलं. तुझी आठवण काढायची.

तुझ्या दुकानाचा पत्ता तिच्या वहीत होता. काचेचं काम करतोस असं त्यावरून कळलं. तिच्या वस्तूंपैकी तुला काही हवं असेल तर कळव. मनगटी घड्याळ आहे, शिवणाची मोठी कात्री आहे, दोन चष्मे आहेत. कात्री अजून उत्तम चालते. शाळांचे गणवेश शिवणं तिनं गेल्या वर्षापर्यंत सोडलं नव्हतं.

मी ठीक आहे. जेवणखाण वेळेवर चालू आहे.

तुझा,
भावोजी


३ मार्च

प्रिय छोट्या,

तुझं उत्तर आलं नाही. येईल असं मी धरलंही नव्हतं, तरी दुपारी पोस्टमन येऊन गेला की पेटी उघडून बघतो.

कपाट आवरताना आपला एक फोटो सापडला. तलावाच्या वर, डोंगराच्या धारेवर आपण तिघं डबा खात बसलो आहोत. फोटोत तुझं डोकं नाही. खात्यातल्या नकाशावाल्यानं तो काढला होता आणि तुला पूर्ण घ्यायला मागे सरकला असता तर तो थेट तलावात गेला असता. ती हसते आहे. माझ्या गळ्यात दुर्बिणीचा पट्टा आहे आणि चेहरा असा, जणू सगळ्या शहराला पाणी मीच पाजणार आहे.

तू आमच्याकडे आलास तेव्हा एकोणीस वर्षांचा होतास. छापखान्याच्या वरच्या त्या दोन खोल्या. तू स्वयंपाकघरात झोपायचास आणि तुझे पाय दारातून बाहेरच्या खोलीत यायचे. सकाळी मी त्यांना अडखळलो की ती म्हणायची, "याच्या पायांना वेगळी खोली बघा." मी तुला खात्यात चिकटवलं ते तुझ्या उंचीवरच. साहेबांना म्हटलं, मुलगा हुशार आहे की नाही माहीत नाही, पण लांबून दिसतो.

मग तिनं तुला गल्लीत बारा दिवस झाडूचा लांब दांडा धरून उभं केलं. दांडा सरळ राहिला पाहिजे, वाऱ्यानं हलता कामा नये, आणि भावोजींनी हात आडवे केल्याशिवाय जागा सोडायची नाही. समोरच्या बाईंनी तिला हळूच विचारलं होतं, "मुलगा जरा भोळा आहे का हो?" ती म्हणाली, "भोळा नाही, सरकारी आहे."

आठ वर्षं आपण ते जमिनीची उंची मोजायचं काम केलं. मी तिवईवर दुर्बीण बसवायचो, तिच्या पातळीच्या नळीतला बुडबुडा मधोमध आणायचो, तू पन्नास पावलांवर आकड्यांची पट्टी उभी धरायचास. मी आकडा वाचून वहीत लिहायचो. मग मी तुला ओलांडून पुढे जायचो, मग तू मला. सबंध डोंगर आपण असा पन्नास-पन्नास पावलांनी मोजला. बाकी लोक त्याला रटाळ काम म्हणत. मला ते फार आवडायचं. आता आयुष्यात चांगलं काय होतं असं कुणी विचारलं तर मी तो डोंगर सांगेन, डब्यासकट.

तुला एक गोष्ट माहीत नसेल. तू गेल्यावर मला एक आजार झाला. एकाएकी छाती धडधडायची, हात बधिर व्हायचे, तोंडाला कोरड पडायची आणि आता आपण मरतो आहोत याची खात्री पटायची. दवाखान्यात नेलं की तोपर्यंत सगळं जाग्यावर. तीन वेळा हृदयाचा आलेख काढला, तिन्ही वेळा निर्दोष. पहिल्या वर्षी मला गल्लीच्या कोपऱ्यापलीकडे जाता येईना. रजा संपल्यावर साहेबांनी मला आत टेबलावर बसवलं. दुर्बीण सुटली ती सुटलीच.

शेवटी एक म्हाताऱ्या डॉक्टरीणबाई भेटल्या. त्या म्हणाल्या, "याला घाबरण्याचा झटका म्हणतात. यानं माणूस मरत नाही. तो चढतो, माथ्यावर जातो आणि उतरतो. तुम्ही मात्र दर वेळी माथ्यावरून पळ काढता, म्हणून उतार कधी बघितलाच नाहीत." तुझी बहीण शेजारी बसली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मला घेऊन खाली उतरली, पन्नास पावलं पुढे गेली, विजेच्या खांबापाशी वळली आणि छत्री उभी धरून थांबली. मला हसू आलं. ती हसली नाही. तशीच उभी राहिली. मी तिच्यापर्यंत चालत गेलो. मग ती आणखी पन्नास पावलं.

ती कधी मला बोलवायची नाही, घाई करायची नाही. मध्येच मला झटका आला तर मी तिथंच उभा राहायचो आणि तीही तिथंच उभी. कोपऱ्यावरच्या न्हाव्याला कितीतरी महिने वाटत होतं की आमचं भांडण झालं आहे. मंडईपर्यंत पोहोचायला आम्हाला चार महिने लागले. माझी जुनी मोजणीची वही मी त्यासाठीच वापरली. तारीख, जागा, किती वाजता चढलं, कितीपर्यंत चढलं, कधी उतरलं. पहिल्या वर्षी सत्तेचाळीस नोंदी आहेत. चौथ्या वर्षी अकरा. गेली काही वर्षं एखाददुसरी. बरा झालो असं मी कधी म्हणत नाही. डॉक्टरीणबाईही म्हणायच्या नाहीत. नोंदी कमी झाल्या एवढं खरं.

फेब्रुवारीत मात्र पाच झाल्या. मागच्या पत्रात मी ठीक आहे असं लिहिलं होतं, म्हणून हे कळवतो.

तुझा,
भावोजी


२० मार्च

प्रिय छोट्या,

मागच्या पत्रात मी लिहिलं की तू गेल्यावर मला आजार झाला. ते खरं नाही, आणि ते खरं नाही हे तुझ्याइतकं कुणालाच ठाऊक नाही.

पहिला झटका मला त्या धारेवर आला. तलावाच्या वरची नवी पाइपलाइन, शेवटची मोजणी. डाव्या हाताला पाणी, उजव्या हाताला खोल उतार. मी दुर्बिणीला डोळा लावला आणि पट्टीवरचे आकडे पोहायला लागले. मला वाटलं, काच पुसायला हवी. मग हात गेले. मग श्वास. मी तिवईच्या पायाशी बसलो आणि दोन्ही हातांनी गवत धरलं. आपण इथं मेलो तर हिला कोण सांगणार, एवढाच विचार डोक्यात होता.

डोकं वर केलं तेव्हा तू पट्टी धरून उभा होतास. मी खाली बसलेला तुला दिसत होतो. ओरडून काही विचारलंही असशील, वाऱ्यात मला ऐकू आलं नाही. पट्टी सोडून तू धावत येऊ शकला असतास. पण पट्टी हलली की त्या जागेची उंची गेली आणि दिवसभराचं काम गेलं, हे मीच तुला शिकवलं होतं. तू चाळीस मिनिटं हलला नाहीस. नंतर मी घड्याळ पाहिलं होतं. चाळीस.

मी उठलो, दुर्बिणीला डोळा लावला आणि काहीही न वाचता हात आडवे केले. पुढच्या तीन ठिकाणीही तेच केलं. मला फक्त तिथून खाली यायचं होतं. त्या चार जागांचे आकडे मी घरी बसून वहीत भरले, बाकीच्यांना जुळतील असे.

तुला आठवत असेल, आपण ज्या दगडापासून मोजायला निघायचो त्याच दगडावर परत यायचो. दोन्ही वेळची उंची एक यायला हवी, पण कितीही नीट काम केलं तरी चार-सहा मिलिमीटर इकडेतिकडे होतातच. माझ्या त्या वहीत फरक शून्य आला. मी इतका घाबरलो होतो की बेरीज तंतोतंत जुळवून टाकली. आकडे रचताना एखाद्या नव्या माणसानंही थोडी चूक ठेवली असती. नकाशावाल्यानं वही चाळली, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "शून्य? देवाचंही शून्य येत नाही हो." मी म्हटलं, कधी कधी येतं. त्यानं सही केली.

पुढचं तुला माहीत आहे. पाइप टाकले, पाणी सोडलं आणि ते धारेवर जाऊन थांबलं. जिथं उतार हवा तिथं चढ निघाला. वरच्या वस्तीनं आणखी एक अख्खा उन्हाळा डोक्यावरून पाणी वाहिलं. चौकशी बसली. मला विचारलं तेव्हा मी म्हणालो, "काचेतून जे दिसलं ते मी लिहिलं." एवढंच वाक्य. त्याचा अर्थ त्यांनी लावला. दुर्बीणवाल्यानं दिसलं ते लिहिलं म्हणजे पट्टीवाल्यानं पट्टी भलत्या जागी ठेवली. तू कायम झाला नव्हतास. तुला काढायला एक कागद पुरला.

तुला विचारलं तेव्हा तू काय बोललास हे मी बाहेर बाकावर बसून ऐकत होतो. तू म्हणालास, "मला काही सांगायचं नाही." माझ्यासमोरून गेलास तेव्हा तू थांबलास. मी बोलेन म्हणून थांबला होतास. मी बुटांकडे बघत राहिलो.

घरी मी तुझ्या बहिणीला सांगितलं की तुझ्या हातून पट्टी सरकली. तिनं तुला ते कडक पत्र पाठवलं ते त्यावर. भावोजींची इतक्या वर्षांची अब्रू तू घालवलीस वगैरे. तू त्यालाही उत्तर दिलं नाहीस. तिचा संसार उसवू नये म्हणून तू गप्प बसलास, असं मी समजून चाललो, आणि ते समजणं मला सोयीचं होतं.

हे पत्र मी उद्या सकाळी स्वतः नेऊन पेटीत टाकणार आहे. तसं का लिहितो आहे ते पुढच्या पत्रात.

भावोजी


९ एप्रिल

छोट्या,

हे पत्र चौथ्यांदा लिहितो आहे.

गेल्या ऑक्टोबरमध्ये एका दुपारी ती पडून होती आणि मी खिडकीचा पडदा सारखा करत होतो. ती म्हणाली, "छोट्याला बोलवू या का? चुकला असेल तो. पण एका चुकीला माणसानं किती वर्षं धरून बसायचं." ती तुला क्षमा करायला निघाली होती. मला ते ऐकवेना. मी पडदा हातात धरून, तिच्याकडे पाठ करून सगळं सांगितलं. धार, चार जागा, शून्य, बाकावरचे बूट.

चार दिवस ती माझ्याशी पाणी आणि गोळी एवढंच बोलली. पाचव्या दिवशी म्हणाली, "कागद द्या." दोन दिवस लिहीत होती, थांबून थांबून. मग पाकिटाला गोंद लावला, पत्ता घातला आणि माझ्याकडे दिलं. म्हणाली, "हे माझं. उघडायचं नाही. तुमचं तुम्ही वेगळं लिहा आणि दोन्ही टाका. तुमचं ओझं माझ्या पाकिटात नको." मी माझंही लिहिलं. बरंच लिहिलं. दोन्ही पाकिटं कोटाच्या खिशात घातली आणि कोपऱ्यावरच्या पोस्टाच्या पेटीपर्यंत गेलो.

आता नीट वाच. त्या दिवशी मला झटका आला नव्हता. मला याबाबतीत काटेकोर राहायचं आहे, कारण एकवीस वर्षं मी पुष्कळ गोष्टी त्या आजाराच्या नावावर खपवल्या. लग्नांना गेलो नाही, दवाखान्यात कुणाला भेटायला गेलो नाही, आणि लोक समजून घेत. काही वेळा आजार खरा होता, काही वेळा नव्हता. त्या सकाळी माझे हात कोरडे होते, छाती शांत होती. वहीत त्या तारखेला नोंद नाही. मी पेटीसमोर उभा राहिलो आणि मला दिसलं की तू येशील, तिच्या पलंगापाशी बसशील आणि दोघं मिळून माझ्याकडे बघाल. ते मला नको होतं. तिचे थोडे दिवस उरले होते आणि ते मला एकट्याला हवे होते. मी पाकिटं खिशात तशीच घेऊन परत आलो.

ती म्हणाली, "टाकलंत?" मी म्हटलं, "टाकलं."

त्यानंतर रोज दुपारी ती विचारायची, "पोस्ट आलं का?" मी खाली जाऊन पेटी उघडायचो, बंद करायचो आणि वर येऊन नाही म्हणायचो. डिसेंबरात तिनं विचारणं सोडलं. एकदा उशी सारखी करताना आपल्याशीच म्हणाली, "त्याचं बरोबर आहे. मीही उत्तर दिलं नसतं." मी उशी धरून उभा होतो. तेव्हाही बोललो नाही.

म्हणजे ती गेली ती तू तिला माफ केलं नाहीस असं समजून. आणि तू फाटकापाशी उभा राहिलास तो तिनं शेवटपर्यंत तुला बोलावलं नाही असं समजून. दोन्ही माझं काम आहे. माझ्या पहिल्या पत्रात 'तुझी आठवण काढायची' एवढंच आहे, ते बघ. शेजारच्या मास्तरीणबाईंनी त्या दिवशी मला काही विचारलं नव्हतं. मीच त्यांच्याकडे वळलो.

माझं ऑक्टोबरचं पत्र मी फाडलं. त्यात माझ्या आजाराबद्दल फार होतं. तिचं पाकीट जसंच्या तसं आहे, गोंद सुटलेला नाही. ते तुझं आहे. कसं पाठवू ते कळव. कळवायचं नसेल तर आठ दिवस वाट बघून रजिस्टर करून पाठवतो.

क्षमा मागत नाही. मागितली तर तुला हो किंवा नाही म्हणावं लागेल, आणि तेवढंही काम मला तुझ्यावर टाकायचं नाही.

भावोजी


३० एप्रिल

प्रिय छोट्या,

तुझं कार्ड मिळालं. पाठ झालं आहे. 'तिचं पाकीट पोस्टात टाकू नका. हातानं आणून द्या. सोमवारी दुकान बंद असतं.'

कधी येतो ते इतके दिवस कळवलं नाही, त्याचं कारण सांगतो. मी एकवीस वर्षांत लांबच्या गाडीत बसलेलो नाही. शहरातल्या बसनं जातो, दाराजवळ उभा राहून. तुझ्याकडे यायला साडेतीन तास लागतात आणि मध्ये तो मोठा बोगदा आहे. हे सबब म्हणून लिहीत नाही. तू मोजमापातला माणूस आहेस, म्हणून आकडे देतो.

१८ तारखेला निघालो. तिसऱ्या थांब्यावर उतरलो. तिथून चालत घरी यायला दोन तास लागले. वहीत दहापैकी नऊ लिहिलं आहे. पाकीट कोटाच्या आतल्या खिशात होतं, त्याला घामाचा एक डाग पडला आहे. पत्त्यावर नाही, मागच्या बाजूला.

२६ तारखेला बोगद्याच्या अलीकडच्या गावापर्यंत आलो. तिथं गाडी दहा मिनिटं थांबते. मी चहा घेतला आणि गाडी माझ्याशिवाय गेली. तीन तास स्टँडवर बसून उलट गाडीनं परत आलो. आठ.

लोक म्हणतात, जवळचं माणूस गेलं की ते आपल्या बरोबर चालतं. मला तसं काही वाटलं नाही. पुढे खांबापाशी कुणीही नसतं. रस्ता रिकामा असतो.

*(इथल्या दोन ओळी मीच खोडल्या आहेत. मास्तरीणबाईंचा पुतण्या त्या बाजूला जातो, त्याच्या हाती पाकीट दिलं तर चालेल का, असं लिहिलं होतं. लिहून झाल्यावर वाचलं.)*

मी येतो. तारीख देत नाही. सोमवार सोडून.

तुझा,
भावोजी


२ जून

प्रिय छोट्या,

'पोहोचलात की कळवा' म्हणालास, म्हणून कळवतो. पोहोचलो. येताना बोगद्यात सहा. माझ्या शेजारची बाई अंगावर मान टाकून झोपली होती, त्यामुळे हलायची सोय नव्हती.

जाताना काय झालं ते तुझ्याकडे असताना सांगितलं नाही, ते सांगतो. बोगद्याच्या अलीकडच्या गावी मी या वेळी खाली उतरलोच नाही. चहा खिडकीतून घेतला आणि अर्धा सांडला. गाडी सुटली, डोंगर जवळ आला, आणि सुरू झालं. हात गेले. मी उठलो, माणसांच्या पायांवर पाय देत पुढे गेलो आणि कंडक्टरला म्हटलं, मला उतरवा. त्यानं तिकिटांचा गठ्ठा खिशात ठेवला आणि माझ्याकडे नीट पाहिलं. म्हणाला, "आजोबा, इथं उतरून काय करणार? पलीकडे जायला दुसरा डोंगर खणणार?" मागे कुणीतरी हसलं. मला राग आला. मी त्याला म्हटलं, मला झटका येतो, घाबरण्याचा, मी मरणार नाही पण मला तसं वाटतं. इतक्या वर्षांत परक्या माणसाला हे मी पहिल्यांदा सांगितलं. तो म्हणाला, "मग उभ्यानं कशाला मरता, बसून मरा," आणि आपल्या सीटवर सरकून मला जागा दिली.

तोवर आम्ही बोगद्याच्या आत होतो. पिवळे दिवे एकामागून एक जात होते. मी ते मोजले नाहीत. पूर्वी मोजले असते. मी पाकीट बाहेर काढून दोन्ही हातांनी धरलं. डॉक्टरीणबाई आठवल्या नाहीत, तुझी बहीणसुद्धा नाही. डोक्यात एवढंच होतं की हे नेणारा दुसरा कुणी नाही. मी उतरलो तर हे कुठंच पोहोचत नाही. वर चढत गेलं, माथ्यावर गेलं, तिथं बराच वेळ राहिलं. मग उतरलं. आम्ही तेव्हाही आतच होतो. बाहेर आलो तेव्हा कंडक्टरनं विचारलं, "कुणाकडे निघालात?" मी म्हटलं, मेव्हण्याकडे. तो म्हणाला, "मग घाबरायचं ते तिथं गेल्यावर घाबरा."

तुझ्या दुकानाच्या दारात आलो तेव्हा तू टेबलावर वाकून काच कापत होतास. सावली पडली म्हणून तुला कळलं असेल. तू मान वर केली नाहीस. कापता कापता मध्ये थांबलं की काच वाकडी फुटते, हे तू नंतर सांगितलंस. मला तेव्हा ते माहीत नव्हतं. मला वाटलं, हेच उत्तर. तरी मी तिथंच उभा राहिलो. हत्यार पलीकडच्या कडेपर्यंत गेलं, तू काच टेबलाच्या कडेला आणून टकटक केलंस, तिचे सरळ दोन भाग झाले, आणि मग तू माझ्याकडे पाहिलंस. मी पाकीट पुढे केलं.

तू हात पुसलेस. पाकीट उलटं करून गोंद बघितलास. ते बघायलाच हवं होतं. मग उभ्यानं वाचलंस. दोन पानं होती. दुसऱ्या पानावर एका ठिकाणी तू नाकातून हसलास, थोडंसं, लहानपणी ती तुला काही टोचून बोलली की हसायचास तसं. मग आत गेलास आणि बराच वेळ नळ चालू होता.

त्यात काय लिहिलं होतं ते मी विचारलं नाही आणि विचारणार नाही. पण ती तुझ्यावर रागावून गेली नाही एवढं तुला तिच्या अक्षरात कळलं. ती मात्र उत्तराची वाट बघत गेली, आणि ते आता कुणालाच दुरुस्त करता येणार नाही. तुझ्या दुकानात उभा असताना मला ते पुरतं समजलं. त्याला झटका म्हणत नाहीत. ते उतरलं नाही, आणि उतरू नये.

तू बाहेर आलास तेव्हा तोंड धुतलेलं होतं, केसांवर पाणी होतं. पाकीट दिसलं नाही, आत ठेवलं असशील. मी निघायच्या तयारीनं दाराशीच होतो. तू माझ्याकडे न बघता विचारलंस, "तुमची गाडी कितीची?"

मी म्हटलं, दोनची.

तू भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलंस. मग म्हणालास, "पाचलापण असते," आणि माझ्या शेजारच्या स्टुलावरचे काचेचे तुकडे एकेक करून उचलून ते रिकामं करायला लागलास.

तुझा,
भावोजी